पोस्टरवरचा ‘सीओ’ कोणता? ‘अमॅटिक एससी’ या फॉन्टचं परीक्षण

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका परिषदेसाठी मी माझं पहिलं पोस्टर केलं. विषय होता कोबाल्ट ऑक्साइडच्या उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन. गाड्यांच्या धुरातल्या या विषारी वायूचा कार्बन डायऑक्साइड करायचा, आणि तोही शक्य तितक्या कमी तापमानाला. शीर्षक इंग्रजीत होतं. त्यात दोन रासायनिक संज्ञा जवळजवळ आल्या होत्या. एक कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे कॅपिटल सी आणि कॅपिटल ओ. दुसरी कोबाल्टची, म्हणजे कॅपिटल सी आणि स्मॉल ओ.

शीर्षक लांबलचक, एका ओळीत काही केल्या मावेना. अक्षर लहान केलं तर लांबून दिसेना. शेवटी फॉन्टच्या यादीत एक अरुंद, हाताने काढल्यासारखा फॉन्ट सापडला, अमॅटिक एससी. शीर्षक एका ओळीत बसलं आणि दिसलंही छान. लॅबमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. मग मी उत्साहाच्या भरात आलेखांच्या अक्षांवरची नावंसुद्धा त्याच फॉन्टमध्ये करून टाकली.

पोस्टरसमोर आलेले पहिले परीक्षक मिनिटभर शांतपणे वाचत राहिले आणि म्हणाले, “सीओवर सीओचं ऑक्सिडेशन? म्हणजे नेमकं काय केलंत?” मी समजावून सांगितलं. मग त्यांनी अक्षाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “हे मिलि आहे की मेगा?” मला मिळालेली पाच मिनिटं माझ्या कामावर बोलण्याऐवजी माझ्या अक्षरांचा खुलासा करण्यातच गेली.

त्या दिवशी मी सगळा दोष फॉन्टवर ढकलला होता. आता शांत डोक्याने त्याचं परीक्षण करावंसं वाटतं. पेटची किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींना फॉन्टशी काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण संशोधनात येताच पहिल्या वर्षभरात तुम्ही पोस्टर करणार, स्लाइड्स करणार. शिवाय एखाद्या गोष्टीचं न्याय्य परीक्षण कसं करायचं हे शिकायला फॉन्टसारखी सोपी गोष्ट बरी पडते, कारण पुरावा डोळ्यांसमोरच असतो.

हा फॉन्ट आहे तरी काय?

अमॅटिक एससी हा मूळचा व्हर्नन अ‍ॅडम्स या ब्रिटिश फॉन्टकाराचा. ओस्वाल्ड, नुनिटो, अँटन हे फॉन्टही त्यांचेच. तुम्ही इंटरनेट वापरत असाल तर यांतला एखादा रोज पाहत असता, फक्त नाव माहीत नसतं. गूगल फॉन्ट्स ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्यांच्या अक्षरांनी ती भरली, त्यांत अ‍ॅडम्स यांचं नाव बरंच वर येतं. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना अपघात झाला. त्यातून ते सावरू शकले नाहीत आणि २०१६ मध्ये गेले.

त्यांचं काम मात्र थांबलं नाही, कारण हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. कुणीही ते वापरू शकतं, बदलू शकतं, पुढे देऊ शकतं. अमॅटिकचा हिब्रू भाग बेन नेथन यांनी काढला आणि रोमन अक्षरांवरही पुन्हा हात फिरवला. म्हणजे आज तुम्ही उतरवून घेता तो फॉन्ट एकापेक्षा जास्त माणसांचं काम आहे.

नावातल्या ‘एससी’चा अर्थ स्मॉल कॅप्स. इथेच माझ्या फजितीचं मूळ होतं आणि ते नावातच लिहिलेलं होतं. स्मॉल कॅप्स म्हणजे स्मॉल अक्षरांच्या जागी कॅपिटल अक्षरंच, पण उंचीला थोडी कमी. तुम्ही कीबोर्डवर स्मॉल ‘ए’ दाबला तरी पडद्यावर येतो तो बुटका कॅपिटल ‘ए’. या फॉन्टमध्ये खरी स्मॉल लिपी नाहीच.

जे जमलंय ते आधी

परीक्षणात आधी बलस्थानं सांगावीत असं गाइड सांगतात. ते केवळ शिष्टाचार म्हणून नसतं. ती गोष्ट कशासाठी केली आहे हे कळल्याशिवाय ती कुठे चुकली हे ठरवताच येत नाही.

अमॅटिकचं काम आहे शीर्षक. लांब शब्द थोड्या जागेत बसवायचे आणि ते मोठे दिसले पाहिजेत. अक्षर अरुंद करायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती अक्षराच्या पोटातल्या पोकळीची. कॅपिटल ‘बी’, ‘आर’, ‘ए’ यांच्या आत जी मोकळी जागा असते ती आकसते. रेषा जाड ठेवली तर ती जागा बुजून जाते आणि लांबून नुसते काळे ठोकळे दिसतात. अमॅटिकच्या साध्या वजनात रेषा बारीक आहे, त्यामुळे अक्षर अरुंद होऊनही पोट उघडं राहतं. ठळक वजनातही रेषा बेताचीच वाढवली आहे. निवड विचारपूर्वक केलेली आहे हे उघड दिसतं.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे त्याचा अनौपचारिकपणा. रेषा किंचित थरथरते, उभे दांडे पूर्ण सरळ नाहीत, आडव्या रेषा काटेकोर समांतर नाहीत. वहीच्या मागच्या पानावर कुणीतरी निवांत बसून पेनाने अक्षरं काढावीत तसं वाटतं. पण वाकडेपणाचा अतिरेक नाही. उंची, जाडी, अक्षरांमधलं अंतर यांना एक शिस्त आहे, म्हणून पूर्ण शब्द एकसंध दिसतो. कॅफेच्या फळ्यावर, लग्नपत्रिकेवर, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असा फॉन्ट शोभतो. ‘या, बसा, घाबरू नका’ असं तो म्हणतो. विज्ञान प्रदर्शनाच्या पोस्टरला हेच म्हणायचं असेल तर शीर्षकासाठी तो अगदी योग्य आहे.

एक छोटा फायदाही नोंदवतो. अनेक साध्या फॉन्टमध्ये कॅपिटल ‘आय’ आणि स्मॉल ‘एल’ हुबेहूब सारखे दिसतात. इथे स्मॉल ‘एल’ हा कॅपिटलसारखाच काढलेला असल्याने तो घोळ होत नाही.

हाताचं आणि हातासारखं

आता टीका. पहिला मुद्दा या ‘हाताने काढल्यासारखं’ असण्याचाच आहे. माणूस एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखं काढत नाही. अमॅटिकमध्ये एखादा शब्द लिहून पाहा ज्यात एकच अक्षर दोनदा, त्याच आकारात शेजारीशेजारी येतं. दोन्ही ठिकाणी तीच थरथर, तोच बाक. एका शब्दात हे खटकत नाही, पण परिच्छेदभर मजकूर टाकला की डोळ्याला पुनरावृत्ती कळायला लागते आणि हाताचा भास विरतो. काही फॉन्टकार यावर उपाय म्हणून एकाच अक्षराची दोन-तीन रूपं काढतात आणि ती आलटून पालटून येतील अशी सोय करतात. अमॅटिक त्या वाटेने गेलेला नाही.

मराठी वाचकाला हा फरक लगेच कळेल असं एक उदाहरण आपल्याकडे आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी जी शीर्षकं काढली ती आठवा. ती अक्षरं त्या एका नावासाठी काढलेली असत. कुठलं अक्षर अरुंद करायचं, कुठली वेलांटी लांबवायची, हे त्या शब्दाकडे बघून ठरे. फॉन्टला ही मुभा नसते, त्याला येणारा प्रत्येक शब्द त्याच साच्यात बसवावा लागतो. त्यामुळे अमॅटिकचा हस्तस्पर्श दोन-चार शब्दांपुरताच खरा वाटतो, आणि तो तेवढ्यापुरताच वापरावा.

सिग्नल आणि नॉइज

आता माझ्या पोस्टरचा मुद्दा. विज्ञानात कॅपिटल आणि स्मॉल यांतला फरक हा सजावटीचा भाग नाही, तो माहिती असते. स्मॉल ‘एम’ म्हणजे मिलि, कॅपिटल ‘एम’ म्हणजे मेगा. दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक. स्मॉल ‘एस’ म्हणजे सेकंद, कॅपिटल ‘एस’ म्हणजे विद्युतवाहकतेचं एकक सीमेन्स. स्मॉल ‘के’ किलोचा, कॅपिटल ‘के’ केल्विनचा. जीवशास्त्रातल्या मुलांना तर माहीतच असेल की माणसाच्या जनुकाचं नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहितात आणि उंदराच्या त्याच जनुकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, पुढची स्मॉल. म्हणजे प्रयोग कुठल्या प्राण्यावर केला हे अक्षरांच्या रूपावरून कळतं.

तुम्ही म्हणाल, अमॅटिकमध्येही बुटकी आणि उंच अशी दोन मापं आहेतच की. आहेत. पण या फॉन्टची सगळी शैलीच मुळी बारीकसारीक अनियमिततेवर उभी आहे. वाचकाच्या डोळ्याला पहिल्या दोन शब्दांतच कळतं की इथे रेषा थोडी वरखाली होणार, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. अशा वेळी ‘ओ’ जरासा बुटका दिसला तर डोळा त्यालाही हाताची लकब समजून सोडून देतो. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे सिग्नल आणि नॉइज एकाच मापाचे झाले आहेत. उंचीतला फरक ही माहिती आहे आणि थरथर हा नॉइज आहे, पण वाचकाला ते वेगळे करता येत नाहीत. मोजमापाच्या उपकरणात असं झालं असतं तर आपण ते वाचन फेकून दिलं असतं. मी मात्र ते पोस्टरवर छापून भिंतीला लावलं.

आणखी दोन तांत्रिक अडचणी. अरुंद फॉन्टमध्ये ‘ओ’ हे अक्षर आणि शून्य हा आकडा यांत गोंधळ होऊ शकतो. नेहमीच्या फॉन्टमध्ये ‘ओ’ गोलसर आणि शून्य निमुळतं असतं, त्या रुंदीवरूनच आपण ते ओळखतो. सगळंच निमुळतं केलं की ती खूण जाते. दुसरी अडचण ग्रीक अक्षरांची. अमॅटिकमध्ये रोमन, सिरिलिक आणि हिब्रू लिपी आहेत, ग्रीक वर्णमाला नाही. तुम्ही अल्फा किंवा लॅम्डा टाइप केलंत तर संगणक ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. थरथरत्या बारीक अक्षरांच्या मध्ये एक गुळगुळीत जाड लॅम्डा येऊन बसतो. पडद्यावर पटकन लक्षात येत नाही, छापून आल्यावर येतं.

आणि बारीक रेषेचा जो गुण वर सांगितला तोच प्रोजेक्टरवर दोष होतो. सेमिनार हॉलचे दिवे चालू, पांढरा पडदा, फिक्या रंगातली बारीक अक्षरं. मागच्या रांगेला काहीच दिसत नाही.

दोन युक्तिवाद, दोन्ही तपासून

हे सगळं ऐकल्यावर लॅबमधल्या मित्राने मला विचारलं होतं, “पण हिग्ज बोसॉनचं काय?” मुद्दा रास्त आहे. ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये हिग्जसदृश कण सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा अ‍ॅटलास गटाच्या फॅबिओला जियानोत्ती यांच्या स्लाइड्स कॉमिक सॅन्समध्ये होत्या. जगभर थट्टा झाली, पण निष्कर्षाला काही धक्का लागला नाही. मग आमच्या पोस्टरलाच इतका जाच का?

इथे दोन वेगळ्या तक्रारी एकत्र होत आहेत. कॉमिक सॅन्सवरची तक्रार ही औचित्याची होती. इतक्या गंभीर प्रसंगी असं पोरकट अक्षर का, एवढंच. वाचता येत नाही असं त्या स्लाइड्सबद्दल कुणी म्हणालं नाही, कारण त्या फॉन्टमध्ये खरी स्मॉल लिपी आहे आणि अक्षरं ऐसपैस आहेत. मिलि हे मिलिच दिसतं. माझी अमॅटिकवरची तक्रार औचित्याची नाही, माहिती गळण्याची आहे. ‘मला आवडलं नाही’ आणि ‘यातून अर्थ बदलतो’ यांतला फरक परीक्षण करताना सांभाळा. पुढे शोधनिबंधांवर अभिप्राय लिहाल तेव्हाही हाच फरक कामाला येईल.

दुसरा युक्तिवाद जरा अभ्यासू आहे. अवघड फॉन्टमध्ये वाचलेलं जास्त लक्षात राहतं, असं म्हणतात. याला आधार आहे. २०११ मध्ये ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात वाचायला जड फॉन्टमधला मजकूर विद्यार्थ्यांच्या जास्त लक्षात राहिल्याचं दाखवलं होतं. पुढे २०१८ मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातून ‘सॅन्स फर्गेटिका’ नावाचा फॉन्ट याच कल्पनेवर निघाला. पण नंतरच्या अनेक अभ्यासांत असा फायदा आढळला नाही. आणि समजा तो परिणाम खरा धरला, तरी तो सावकाश बसून वाचणाऱ्याबद्दल आहे. शंभर पोस्टरांमधून चालत जाणारा माणूस अवघड दिसलेलं वाचायला थांबत नाही, पुढे जातो. एका परिस्थितीतला निष्कर्ष दुसऱ्या परिस्थितीत उचलून लावायचा नसतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मराठी पोस्टर करायचं असेल तर?

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला बऱ्याच महाविद्यालयांत मराठी पोस्टरं लागतात. तिथे अमॅटिक वापरायचा म्हटलं तर सरळ अडचण अशी की त्यात देवनागरी नाही. तुम्ही फॉन्टच्या यादीत अमॅटिक निवडाल, मराठी टाइप कराल आणि अक्षरं दिसतील ती मंगल किंवा तत्सम दुसऱ्याच फॉन्टची. मंगल हा र. कृ. जोशी यांचा फॉन्ट, विंडोजवर मराठी वाचता यावं म्हणून केलेला. आपलं काम तो चोख करतो, पण त्यात निवांत हस्ताक्षराचा भाव शोधणं चुकीचं.

गंमत म्हणजे अमॅटिकचा जो मुख्य दोष मी सांगितला तो देवनागरीत उद्भवलाच नसता. आपल्याकडे कॅपिटल-स्मॉल हा प्रकार नाही. हिब्रूतही नाही, त्यामुळे बेन नेथन यांच्या हिब्रू अक्षरांना हा आरोप लागू होत नाही. एकाच फॉन्टचा दोष एका लिपीत आहे आणि दुसऱ्या लिपीत नाही. म्हणून ‘हा फॉन्ट वाईट’ असं सरसकट विधान करण्यात अर्थ नाही.

देवनागरी अरुंद करण्यात मात्र वेगळ्या अडचणी आहेत. ‘क’, ‘फ’, ‘झ’, ‘क्ष’ यांच्या गाठी दाबल्या की बुजतात. वर रफार-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळीची उंची आधीच खर्च झालेली असते. आणि शिरोरेषा थरथरती ठेवली तर पूर्ण ओळच हलल्यासारखी दिसते. मुक्त परवान्यातले पर्याय बघायचे तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हस्ताक्षरासारखा आहे, पण अरुंद नाही. त्यांचेच ‘तेको’ आणि ‘खंड’ अरुंद आहेत, पण हातचे वाटत नाहीत. ‘यात्रा वन’ हा मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे, त्यात ब्रशचा जोर आहे, निवांतपणा नाही. यांतला कुठलाही निवडताना आपल्याला नेमकं काय हवंय, जागा वाचवायची की सूर हलका करायचा, हे आधी ठरवा.

मग वापरायचा की नाही?

वापरा. शीर्षकाला, तेही दोन-चार शब्दांच्या आणि ठळक वजनात. त्यात रासायनिक संज्ञा, एककं, जनुकांची नावं नसतील हे बघा. असतील तर ती शब्दांत लिहा, कोबाल्ट म्हणजे कोबाल्ट. अक्षांवर, तक्त्यात, आकृतीखालच्या ओळीत हा फॉन्ट नको. छापण्याआधी एक साधी चाचणी करा. पोस्टर पूर्ण आकाराचं असेल, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचं, तर त्यातला एक तुकडा खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, भिंतीला लावा, चार पावलं मागे जा आणि तुमचा विषय माहीत नसलेल्या मैत्रिणीला तो मोठ्याने वाचायला सांगा. ती जे वाचेल तेच तुमचं पोस्टर म्हणतंय. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे तिथे तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नसतं.

माझ्या पोस्टरची चूक व्हर्नन अ‍ॅडम्स यांची नव्हती. त्यांनी फॉन्टच्या नावातच ‘एससी’ लिहून ठेवलं होतं, आणि तो शीर्षकांसाठी आहे हे त्याच्या अंगकाठीवरूनच दिसतं. उपकरण कशासाठी आहे हे न वाचता मी ते वापरलं. प्रयोगशाळेत हीच चूक झाली असती तर गाइडनी मॅन्युअल पुढ्यात आपटलं असतं.

पुढच्या परिषदेला मी शीर्षक अमॅटिकमध्येच ठेवलं, पण फक्त तीन शब्दांचं, ठळक. बाकी सगळं एका साध्या, कंटाळवाण्या फॉन्टमध्ये. या वेळी पहिला प्रश्न आला तो उत्प्रेरक किती तास टिकतो याबद्दल. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.